‘फायटरझेड’सारखा ॲनिमेचा घाट थ्रीडीत कसा आणायचा? चेहऱ्यावर सावल्या फुटतात, आउटलाइन फाटते

निळी शाई

मांगा-ॲनिमेवरून आलेले खेळ पुष्कळ आहेत, पण मध्येच पॉज केलं आणि पडद्यावर थेट ॲनिमेची चौकट दिसली, हे ‘ड्रॅगन बॉल फायटरझेड’मध्ये (आर्क सिस्टम वर्क्स, २०१८) जितक्या वेळा होतं तितकं दुसरीकडे होत नाही. त्याच पद्धतीने एक पात्र करतोय. पात्र स्वतःचं आहे, घाट ‘ड्रॅगन बॉल’चे मूळ चित्रकार तोरियामा यांच्या चित्रांचा: केसांचे टोकदार झुबके, चौकोनी जबडा, मोठे हात, जाड बूट.

थ्रीडी काम ब्लेंडर ४.२ मध्ये, रेंडरर इव्ही. पुढे अनरियल ५ या गेम इंजिनमध्ये न्यायचंय. शेडर (उजेडाप्रमाणे रंग ठरवणारा भाग) साधा आहे: डिफ्यूज, मग शेडर टू आरजीबी, मग कलर रॅम्प कॉन्स्टंटवर, दोनच रंग. ब्लेंडरमध्ये आउटलाइनला सॉलिडिफाय, म्हणजे जाळीवर (मॉडेलच्या पृष्ठभागावर) चढवलेलं कवच. अनरियलमध्ये तीच जाळी दुसऱ्यांदा काढून व्हर्टेक्स नॉर्मलच्या (जाळीच्या त्या बिंदूवर पृष्ठभागाचं तोंड जिकडे आहे त्या) दिशेने फुगवतो आणि तिची फक्त मागची बाजू काळी दाखवतो.

अडलंय ते असं. दिवा जरा फिरवला की चेहऱ्यावर सावलीचे ठिपके आणि त्रिकोण उमटतात, गालावर बुरशी धरल्यासारखं दिसतं. आउटलाइन ब्लेंडरमध्ये अखंड आहे, पण अनरियलमध्ये कॉलर आणि बुटांच्या कडांना फाटते. पोटाच्या स्नायूंच्या रेघा टेक्स्चरमध्ये काढल्या आहेत (२०४८ पिक्सेल), कॅमेरा जवळ गेला की पायऱ्या पायऱ्या दिसतात. आणि एकेक पोझ सुटी पाहिली तर छान, पण ॲनिमेशन चालू केलं की कळसूत्री बाहुली.

शेडर बदलावा का? कुठला नोड राहून गेलाय?

पेन्सिलटोक

शेडरला हात लावू नका, तो बरोबर आहे. आर्कच्या शेडरचा गाभाही एवढाच: नॉर्मल आणि प्रकाशाची दिशा ताडून पाहायची, मर्यादेच्या वर असेल तर उजेड, खाली असेल तर सावली. ही पद्धत त्यांनी ‘गिल्टी गिअर एक्सआरडी’साठी (२०१४) बसवली, आर्कच्याच मोतोमुरा यांनी २०१५ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ती उलगडून दाखवली आणि ‘फायटरझेड’मध्ये तीच पुढे आली. खरी मेहनत जाळीत आहे. सावली पडू द्यायची नाही, ती काढायची.

आधी एक तपासणी. त्रिकोण आणि ठिपके ही दोन वेगळी दुखणी असू शकतात. दिव्याच्या सेटिंगमध्ये शॅडो बंद करा. त्रिकोण गेले तर ते नाकाने आणि केसांनी चेहऱ्यावर टाकलेल्या सावलीचे होते. दोन रंगांच्या रॅम्पमध्ये अशी सावली करवतीच्या दात्यांसारखी दिसते. पात्राच्या अंगावर पडणारी सावली बंदच ठेवा. हनुवटीखालची, बटांखालची सावली हाताने द्यायची आहे, ते खाली येतंच.

आता बुरशी. नेहमीच्या शेडिंगमध्ये नॉर्मल दोन अंशांनी चुकला तर डोळ्याला कळत नाही, कारण उजेडाकडून अंधाराकडे जायला लांब उतार असतो. इथे उतारच नाही, एकच पायरी आहे. गाल जवळजवळ सपाट असतो, म्हणजे तिथले सगळे नॉर्मल त्या पायरीच्या अगदी काठावर येतात आणि दोन अंशांच्या फरकाने अख्खा पॉलिगॉन (जाळीचा एक तुकडा) इकडचा तिकडे जातो. पॉलिगॉन वाढवून हे बरं होत नाही, उलट ठिपके बारीक आणि जास्त होतात. नॉर्मल स्वच्छ करावे लागतात.

१. डोक्याच्या आकाराची एक गुळगुळीत अंडाकृती जाळी करा. त्यावर नाक, ओठ, डोळ्यांच्या खोबणी काही नको. ती चेहऱ्याला जवळून लपेटेल अशी बसवा.

२. चेहऱ्यावर एक व्हर्टेक्स ग्रुप (प्रत्येक बिंदूला ० ते १ वजन देणारी यादी) करा. गाल, कपाळ, जबड्याची बाजू इथे वजन १, नाक, ओठ, पापण्या इथे ०. मध्ये दोन एज लूपमध्ये (जाळीच्या कडांच्या सलग ओळींमध्ये) उतार द्या, नाहीतर सीमेवर नवीनच रेघ उमटते.

३. चेहऱ्याला डेटा ट्रान्सफर मॉडिफायर लावा. स्रोत ती अंडाकृती, फेस कॉर्नर डेटामध्ये कस्टम नॉर्मल्स, मॅपिंग ‘निअरेस्ट फेस इंटरपोलेटेड’, खाली तो व्हर्टेक्स ग्रुप. ४.१ च्या आधीच्या ब्लेंडरमध्ये ऑटो स्मूथ चालू केल्याशिवाय कस्टम नॉर्मल दिसत नाहीत, ४.१ पासून ती अट गेली. मॉडिफायर आर्मेचरच्या (हाडांच्या सांगाड्याच्या) वर असू द्या. खाली ठेवलात तर डोकं वळल्यावर अंडाकृती जागच्या जागी राहते आणि नॉर्मल चुकीच्या ठिकाणाहून उचलले जातात.

४. दिवा १५-१५ अंशांनी पूर्ण फिरवून बघा. प्रत्येक थांब्यावर सावलीची कड ही एक सलग रेघ असली पाहिजे. जिथे ती तुटते तिथला व्हर्टेक्स नोंदवून वजन सुधारा.

५. सगळं मनासारखं झाल्यावरच मॉडिफायर अप्लाय करा. त्यानंतर लूप कट वगैरे घातलेत तर कस्टम नॉर्मल बिघडतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून जाळीचं काम आधी पुरतं संपवा.

सावलीची कड जाळीच्या कडांच्या बाजूने धावते, हे ध्यानात असू द्या. गालाच्या हाडाकडून जबड्याकडे उतरणारा तो टोकदार सावलीचा आकार हवा असेल तर तिथे तशीच एज लूप असली पाहिजे. चौकोनी जाळीदार गालावर तो कधीच येणार नाही.

जिथे सावली कायमची हवी (हनुवटीखाली, कानाच्या आत, नाकाखालचा छोटा त्रिकोण) तिथे व्हर्टेक्स कलर वापरा. लाल चॅनेल ०.५ म्हणजे नेहमीसारखं, त्याखाली म्हणजे सावलीकडे झुकलेलं. शेडरमध्ये रॅम्पच्या आधी उजेडाच्या आकड्यात ‘(लाल − ०.५) × २’ मिळवा. लाल ० ठेवलात तर दिवा समोर असला तरी तो भाग अंधारातच राहतो. यासाठी उजेडाचा आकडा ० ते १ मध्ये हवा. पांढऱ्या डिफ्यूजवर सन दिव्याची ताकद ३.१४ ठेवली की समोरच्या पृष्ठभागावर बरोबर १ येतो. ताकद १ ठेवलीत तर ०.३२ च्या आसपास अडकतो आणि मग रॅम्प का जुमानत नाही ते कळत नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं: आर्कच्या खेळात प्रत्येक पात्राला स्वतःचा वेगळा दिवा असतो, रंगमंचाशी त्याचा संबंध नसतो, आणि पोझप्रमाणे त्याची दिशा बदलतात. तुम्हीही पोझ लावताना दिवा त्या पोझसाठी फिरवा. चित्रकार प्रत्येक चित्रात सावली कुठे शोभेल हे ठरवतो, तो अधिकार एका स्थिर दिव्याला देऊ नका.

कोरा कागद

चेहऱ्यासाठी डिस्टन्स फील्डचा मार्गही आहे, त्यात नॉर्मलचा प्रश्नच उरत नाही. समोरपासून बाजूपर्यंत दिव्याच्या आठ-नऊ कोनांसाठी सावलीचे आकार हाताने काढायचे, त्यातून एकच करड्या रंगाचं टेक्स्चर करायचं आणि दिव्याचा डोक्याशी असलेला आडवा कोन त्या करड्या आकड्याशी ताडायचा. दिवा दुसऱ्या बाजूला गेला की टेक्स्चर आडवं उलटवायचं. दोन अटी: चेहऱ्याचा यूव्ही (जाळी टेक्स्चरवर सपाट पसरणारा नकाशा) मध्यरेषेभोवती सममित हवा, आणि प्रत्येक आकार पुढच्या आकाराच्या पोटात पूर्ण बसला पाहिजे. एकदा अंधारात गेलेला ठिपका पुढच्या कोनाला पुन्हा उजेडात आला तर तो एका आकड्यात सांगताच येत नाही.

रंगांबद्दलही एक गोष्ट. रेंडर सेटिंगमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म ‘स्टँडर्ड’ करा. ब्लेंडर ४.० पासून तिथे मुळातच एजीएक्स असतो, तो भडक रंगांची धार मारतो आणि मग लोक नारिंगी आणखी नारिंगी करत बसतात. सावलीचा रंग मूळ रंगात काळा मिसळून करू नका. मूळ रंगाला एका वेगळ्या रंगाने गुणा. त्वचेसाठी लाल ०.८५, हिरवा ०.६, निळा ०.५५ इथून सुरुवात करा. त्वचा सावलीत तांबूस होते, मेलेली वाटत नाही. आर्ककडे याचंही स्वतंत्र टेक्स्चर असतं, म्हणजे कापड, कातडं, त्वचा प्रत्येकाची सावली वेगळी रंगवता येते.

यावर ‘जंप फोर्स’ (२०१९) नीट पाहण्यासारखा आहे. तिथे याच पात्रांना खऱ्यासारखी त्वचा आणि कापड दिलं. गोकू, लुफी, नारुतो यांचे चेहरे दोन-चार रेघांत बसवलेले आहेत. त्यांवर त्वचेची छिद्रं आणि तकाकी आली की त्या रेघांचा जोर जातो. उलट ‘बुडोकाई’ मालिकेत २००३ च्या दुसऱ्या भागात सेल शेडिंग (ॲनिमेसारखे सपाट रंग आणि धारदार सावली) आलं आणि पीएस२ च्या मोजक्या पॉलिगॉनमध्येही पात्रं ओळखीची वाटू लागली.

पेन्सिलटोक

@कोरा कागद, डिस्टन्स फील्ड उत्तम, पण तो आडव्या फिरणाऱ्या सूर्यासाठी. मोकळ्या जगाच्या खेळात तोच घ्यावा. लढतीच्या खेळात दिवा वरून, खालून, कुठूनही लावतात. स्फोट खाली झाला तर उजेड हनुवटीखालून येतो, तिथे आडव्या कोनाचं टेक्स्चर निरुपयोगी ठरतं. निळी शाई यांच्या कामाला नॉर्मलच बरे.

त्रिकोणमिती

आउटलाइन फाटण्याबद्दल. ब्लेंडरचा सॉलिडिफाय प्रत्येक व्हर्टेक्स एकच धरतो, म्हणून कवच अखंड राहतं. इंजिनमध्ये हार्ड एजवरचा (शेडिंग जिथे एकदम तुटतं त्या कडेवरचा) व्हर्टेक्स दोन-तीन प्रतींत मोडलेला असतो आणि प्रत्येक प्रतीचा नॉर्मल वेगळा असतो. तुम्ही नॉर्मलच्या दिशेने फुगवता, त्यामुळे प्रती एकमेकींपासून दूर जातात आणि मध्ये फट पडते. कॉलर आणि बूट इथेच हार्ड एज असतात, म्हणून तिथेच.

शेडिंगचा नॉर्मल आणि फुगवण्याचा नॉर्मल वेगळे ठेवा. एका जागच्या सगळ्या प्रतींच्या नॉर्मलची सरासरी काढून ती दुसऱ्या चॅनेलमध्ये साठवा आणि आउटलाइन तिच्या दिशेने फुगवा. सरासरी काढताना प्रत्येक फेसला त्या कोपऱ्यातल्या कोनाइतकं वजन द्या. नाहीतर जिथे त्रिकोण जास्त भेटतात त्या बाजूला दिशा झुकते.

जाडी: १७० सेंमीचं पात्र पडद्यावर ६०० पिक्सेल उंच दिसत असेल तर एक पिक्सेल म्हणजे २.८ मिमी. दोन पिक्सेलची रेघ हवी तर ५.७ मिमी फुगवा. पण हा आकडा त्याच अंतराला. कॅमेरा जवळ आला की रेघ जाड होत जाते, म्हणून फुगवण्याला कॅमेऱ्यापासूनच्या अंतराने गुणा, आणि खालची-वरची मर्यादा घाला. मर्यादा नसेल तर दूरच्या पात्राचे डोळे काळ्या रेघेत बुडतात.

जाडी सगळीकडे सारखी ठेवू नका, व्हर्टेक्स कलरचा एक चॅनेल तिच्यासाठी राखा. केसांच्या टोकाला ०, बुडाशी १, बोटांच्या पेरांवर थोडी जास्त. निबचा दाब दिसतो तो यानेच. आणखी एका चॅनेलने कवच कॅमेऱ्यापासून मागे ढकला: केसांच्या झुबक्यांमध्ये आणि नाकाच्या आजूबाजूला नको असलेल्या काळ्या रेघा उमटतात, त्या मागे गेल्या की जाळीआड लपतात. ‘एक्सआरडी’त व्हर्टेक्स कलरचे चारही चॅनेल अशाच कामांना लावले होते.

अनरियलमध्ये आयात करताना नॉर्मल इम्पोर्ट मेथड ‘इम्पोर्ट नॉर्मल्स अँड टँजंट्स’ ठेवा. ‘कंप्यूट’ राहिलं तर वर पेन्सिलटोक यांनी सांगितलेली चेहऱ्याची सगळी मेहनत आयातीच्या क्षणी पुसली जाते.

आडवी रेघ

स्नायूंच्या रेघांचं उत्तर टेक्स्चर मोठं करण्यात नाही, ४०९६ केलंत तरी पायऱ्या थोड्या उशिरा दिसतील एवढंच. तिरकी किंवा वळणदार रेघ पिक्सेलच्या चौकटीत पायऱ्यांनीच बसते. बरोबर आडवी किंवा बरोबर उभी रेघ मात्र कितीही मोठी केली तरी धारदार राहते, तिची कड फक्त किंचित मऊ होते.

म्हणून वळण टेक्स्चरमध्ये काढायचं नाही, जाळीत काढायचं. पोटाच्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी एज लूप घ्या, त्या पट्ट्याचा यूव्ही सरळ काटकोनी करा आणि टेक्स्चरमधल्या एका सरळ काळ्या पट्टीवर बसवा. शरीरावर रेघ वळते, टेक्स्चरमध्ये सरळच असते. रेघ टोकाला निमुळती हवी तर यूव्हीचे ते व्हर्टेक्स काळ्या पट्टीपासून बाहेर सरकवा. आर्कच्या मॉडेलचे यूव्ही उघडून पाहिले तर शहराच्या नकाशासारखे दिसतात, सगळे आयत, ते याचमुळे. १०२४ चं टेक्स्चर पुरतं.

दोन ठिकाणी हमखास फसतं. एक, कॉम्प्रेशन. बीसी१ या कॉम्प्रेशनच्या प्रकारात चार बाय चार पिक्सेलच्या चौकोनाला मोजके रंग मिळतात आणि रेघेच्या कडेला घाण येते. रेघा बीसी३ च्या अल्फा चॅनेलमध्ये ठेवा किंवा बीसी७ वापरा. दुसरं, मिपमॅप, म्हणजे दूरसाठी ठेवलेल्या टेक्स्चरच्या लहान प्रती. दूर गेल्यावर पातळ रेघ करडी होऊन विरते. कॅमेरा फार लांब जाणार नसेल तर या टेक्स्चरचे मिपमॅप बंद करा.

निळी शाई

सर्वांचे मनापासून आभार. त्रिकोण खरंच सावलीचे होते, शॅडो बंद करताच गेले. अंडाकृतीचे नॉर्मल घेतल्यावर गाल स्वच्छ झाला. कॉलरची फटही बुजली, पण नवीनच झालंय: सरासरी नॉर्मल व्हर्टेक्स कलरमध्ये साठवला (० ते १ मध्ये बसवून), उभ्या पोझमध्ये आउटलाइन अगदी बरोबर, आणि हात वर केला की हाताची आउटलाइन एका बाजूला सरकते, दुसऱ्या बाजूला नाहीशी होते.

त्रिकोणमिती

साठवलेली दिशा ऑब्जेक्ट स्पेसमधली, म्हणजे अख्ख्या मॉडेलच्या अक्षांवर मोजलेली आहे. हाताचं हाड फिरलं, त्याबरोबर इंजिनने व्हर्टेक्स आणि नॉर्मल फिरवले, पण रंगात लिहिलेला आकडा कोणी फिरवत नाही. हात वर गेला तरी तो ‘खाली लोंबणाऱ्या हाताची’ दिशाच सांगत राहतो.

दिशा टँजंट स्पेसमध्ये, म्हणजे पृष्ठभागाच्या त्या जागच्या स्वतःच्या अक्षांवर (टँजंट, बायटँजंट, नॉर्मल) साठवा. टँजंट आणि नॉर्मल हाडाबरोबर फिरतात, त्यामुळे त्यांच्या संदर्भात लिहिलेली दिशाही आपोआप फिरते. सरासरी नॉर्मलचा त्या कोपऱ्याच्या टँजंट, बायटँजंट आणि नॉर्मलशी डॉट प्रॉडक्ट घेतला की तीन आकडे मिळतात. तिसरा साठवायची गरज नाही, तो जवळजवळ नेहमी धन असतो आणि ‘१ − क्ष² − य²’ च्या वर्गमुळाने परत मिळतो. उरलेले दोन एका जादा यूव्ही चॅनेलमध्ये मावतात. व्हर्टेक्स कलर जाडी आणि सावलीसाठी मोकळा राहतो, आणि आठ बिटांची खडबडही टळते.

मटेरियलमध्ये ट्रान्सफॉर्म व्हेक्टर टँजंटकडून वर्ल्डकडे, मग वर्ल्ड पोझिशन ऑफसेट (व्हर्टेक्स हलवणारा इनपुट). दोन खाचखळगे: एफबीएक्स फाइल आयात करताना अनरियल यूव्हीचा उभा आकडा ‘१ − व्ही’ करतो, तो मटेरियलमध्ये पुन्हा उलटा करून घ्या, नाहीतर आउटलाइन उभ्या दिशेने उलटी सरकेल. आणि ब्लेंडरच्या एफबीएक्स निर्यातीत ‘टँजंट स्पेस’ची खूण करा, तरच दोन्हीकडचे टँजंट जुळतील. त्यासाठी जाळीत फक्त त्रिकोण आणि चौकोन हवेत, पाच बाजूंचा एकही फेस चालत नाही.

दोनांवर

बाहुलीपणाचं कारण पोझमध्ये नसून दोन पोझच्या मधल्या भरणीत आहे. ब्लेंडर की-फ्रेममधलं (तुम्ही लावलेल्या पोझच्या चौकटींमधलं) अंतर स्वतः भरतो, आणि त्या मधल्या चौकटी कोणी पाहून काढलेल्या नसतात. ॲनिमे सेकंदाला २४ चौकटींचा असला तरी चित्रं बहुधा दोन-दोन किंवा तीन-तीन चौकटी थांबतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. ‘फायटरझेड’ ६० फ्रेमवर चालतो, पण पोझ काही फ्रेम तशीच थांबते आणि पुढची एकदम येते.

सगळ्या की निवडून डोप शीटमध्ये टी दाबा, कॉन्स्टंट निवडा. आता मधलं काहीच फुकट मिळणार नाही, प्रत्येक पोझ तुम्हाला लावावी लागेल. ६० फ्रेमच्या हिशेबात एका ठोशाला सुरुवातीचं ओढणं ४ फ्रेम, आणखी मागे ३, हात सुटतानाची ताणलेली पोझ २, लागल्याची पोझ ६ ते ८, मग परतीच्या तीन-चार पोझ ३-३ फ्रेम, अशी सुरुवात करून पाहा. स्टेप्ड इंटरपोलेशनचा मॉडिफायर लावून आयतं काम उरकू नका. तो समान अंतरावर चौकटी गोठवतो, आणि ठोशाचा नेमका टोकाचा क्षण दोन पायऱ्यांच्या मध्ये हरवतो.

पात्राचं जागेवरून सरकणं मात्र ६० फ्रेमवर सलग राहू द्या. तेही गोठवलंत तर खेळ अडखळल्यासारखा वाटतो. सलग सरकणाऱ्या शरीरावर पोझ तेवढ्या टप्प्याटप्प्याने बदलतात.

ताणलेल्या पोझमध्ये हाडं मोजमापाशी प्रामाणिक ठेवू नका. कॅमेऱ्याकडे येणारी मूठ १.३ ते १.५ पट करा, मागचा खांदा लहान करा. मनगटाच्या हाडाचा आकार बोटांनी उचलायला हवा, पण दंडाला लांबी दिल्यावर ती मुठीपर्यंत जायला नको, म्हणून मुठीच्या हाडाला ‘इनहेरिट स्केल’ नन ठेवा.

ब्लेंडरच्या एफबीएक्स निर्यातीत सिंप्लिफाय ० करा. मुळात तो १ असतो आणि गरजेच्या की गाळतो, मग गोठलेल्या पोझच्या जागी पुन्हा उतार तयार होतो. अनरियलमध्ये त्या ॲनिमेशन सीक्वेन्सचं इंटरपोलेशन ‘स्टेप’ करा आणि एका ॲनिमेशनवरून दुसऱ्यावर जातानाचा ब्लेंड वेळ ० ठेवा. ०.२ सेकंदांचा ब्लेंड राहिला तर ठोशाच्या पहिल्या १२ फ्रेम पुन्हा त्याच मऊ भरणीत जातात, आणि वरच्या हिशेबात ठोसा लागतोच दहाव्या फ्रेमवर. कंबरपट्टा आणि केसांना फिजिक्स लावला असेल तर तोही काढा. अंग थांबलेलं आणि पट्टा मात्र ६० फ्रेमने लहरतोय, हे लगेच डोळ्यात येतं. पट्ट्याला तीन-चार हाडं द्या आणि प्रत्येक पोझमध्ये हाताने वळवा.